पाल्याचं तेल

सावंगी, ता. जिंतूर
१८ नोव्हेंबर १९७४

पंडित भाऊजींना,
तुमच्या वहिनीचा, धुरपताचा, जयभीम. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर हाय, लागलं न्हाई तर दोनदा वाचा, पण वाचा.

तुमच्या आईचे गुडघे थंडीनं धरलेत. जीभ मात्र लय चांगली चालायली. मला दिवसातून चारदा विचारत्यात, पंडितचं पत्र आलं का. मी म्हणते, आत्याबाई, त्यो मोठ्या कंपनीत लागलाय, त्याला कुठला येळ. तर म्हणत्यात, तू त्याची बाजू घेऊ नको.

काम असं हाय की आपल्या लिंबाच्या बागेला कोळशी लागली. पानाच्या मागं काळी माशी बसती, तिचं चिकट पाणी खालच्या पानावर सांडतं आन त्यावर काजळी धरती. पान तव्याच्या बुडावानी झालंय. हात लावला की बोटं काळी. फळ बारीक पडायलंय. दुष्काळात पूर्णेतून डोक्यावर घागरी आणून ही झाडं जगवली, ती आता माशीच्या तोंडी द्यायची का?

गावात जो तो एकच सांगायलाय, कपाशीवरचं औषध मारा. माणिकराव देशमुखांचा सालगडी परवा बांधावर उभा राहून म्हणला, "मारा की बाई, काय होत न्हाई." काय होत न्हाई ते मी बघितलंय. तुमच्या दादाला माणिकरावांच्या कपाशीत हेच म्हणून पाठीवर पंप दिला. तोंडाला बांधायला फडकं मागितलं तर सगळे हसले. दिवस मावळायच्या आत दवाखान्याच्या वट्ट्यावर त्यांच्या तोंडाला फेस होता. तुमी तवा परभणीला परीक्षेत होता, म्हणून तुमी ऐकलंय, मी बघितलंय. ते औषध माझ्या झाडावर पडणार न्हाई.

आन दुसरं बी एक कारण हाय. परभणीचं ते निसर्गोपचाराचं केंद्र आपली लिंबं घेतं, हे तुमाला ठाऊक हाय. तिथले बन्सीधरजी म्हणले होते, "बाई, आमचे रोगी लिंबूपाण्यावर असतात, विष लागलेलं लिंबू आम्हाला चालणार नाही. तुमचा शब्द पाहिजे." मी शब्द दिला. दर गुरुवारी लिंबाचं डालगं भरून एसटीत टाकते. त्यांनी माझ्या हातचं लिंबू पिळून माझ्यासमोर पेलाभर पाणी पिलं. आपल्या हातचं पाणी कुणी असं चारचौघात पिल्यालं आत्याबाईंनी साऱ्या जन्मात बघितलं नव्हतं. तो शब्द मला मोडायचा न्हाई.

तुमी शेतकीचं शिकलाव. विष नसलेलं काही असंल तर कळवा.

तुमची वहिनी
धुरपता

•

ठाणे
२ डिसेंबर १९७४

ती. वहिनींना सप्रेम जयभीम.

पत्र पोचलं. आईला सांगा, लेक विसरलेला नाही, फिरतीवर असतो. खानदेश, नगर, नाशिक असं चालू आहे. महिन्यातले निम्मे दिवस लॉजवर जातात.

तुमचं पत्र वाचून मला हसूच आलं, कारण तुम्ही जे मागताय तेच मी विकतो. आमच्या कंपनीनं फळझाडांसाठी एक फवारणीचं तेल काढलंय. विष अजिबात नाही. तेलाचा पातळ थर किडीच्या अंगावर बसतो, तिचा श्वास कोंडतो आणि ती मरते. माणसाला, गुराला, मधमाशीला धोका नाही. साबणाच्या पाण्यात घुसळायचं आणि मारायचं. काजळी आपोआप सुटून गळते. नाशिककडच्या बागाईतदारांनी डोळे झाकून घेतलंय.

तुमच्या बन्सीधरजींना निर्धास्त सांगा. हे तेल झाडपाल्याचं आहे. आमच्या डब्यावरही हिरवं पानच छापलेलं आहे. तुम्ही हो म्हणालात तर एक डबा पाठवतो. पैशाचं काढू नका. ज्या लिंबांवर मी शिकलो त्यांना एवढं तरी करू द्या.

आपला
पंडित

•

सावंगी
२० डिसेंबर १९७४

पंडित भाऊजींना जयभीम.

तुमचं पत्र मी आत्याबाईंना दोनदा वाचून दाखवलं. लॉज म्हणजे काय ते समजावून सांगितलं. म्हणत्यात, भाड्याच्या खाटंवर झोपतोय तर ढेकणं चावत असतील, त्याचंच तेल काढा म्हणावं आधी.

झाडपाल्याचं म्हणलाव ते बरं वाटलं. पण कोणत्या झाडाचं? लिंबोळीचं का करंजीचं? लिंबोळीचं असंल तर वास घाण येतो आन लिंबाला तो वास लागंल का अशी मला धास्ती हाय. बन्सीधरजींना मी सांगितलं की पाल्याचं तेल येणार हाय. ते म्हणले, "पाल्याचं असेल तर आमची काही हरकत नाही, उलट आम्हीही दाराशी पाटी लावू." म्हणजे आता त्यांचा बी शब्द माझ्या शब्दावर उभा हाय. म्हणून झाडाचं नाव कळवा. मला कुणी विचारलं तर सांगता आलं पायजे.

सोबत लोणच्याची बरणी आपल्या गावच्या सितारामबरोबर पाठवते. तो भिवंडीला चाललाय. ठाण्याला उतरून देईल म्हणला. बरणी परत पाठवा, ती आत्याबाईंच्या माहेरची हाय.

तुमची वहिनी
धुरपता

•

ठाणे
९ जानेवारी १९७५

ती. वहिनींना सप्रेम जयभीम.

लोणचं पोचलं. सिताराम दोन दिवस राहिला आणि निम्मी बरणी त्यानंच संपवली.

डबा पाठवतोय, जिंतूरच्या एसटी स्टँडवर पार्सलच्या खिडकीत घ्या. वासाची काळजी नको. उघडून बघा, गवती चहासारखा वास येईल. झाडाचं नाव विचारलंत, पण एकाच झाडाचं असं सांगता येणार नाही, ते मिश्रण असतं आणि कंपनी आपला नुस्खा बाहेर सांगत नाही. तुम्ही कशाला नावात पडता? पाल्याचं म्हणा, झालं.

मारायची रीत सांगतो. सकाळी गारव्यात मारा. साबणाचं पाणी आधी, मग तेल, नंतर घुसळा, ताकासारखं पांढरं झालं पाहिजे. पानाची मागची बाजू भिजली पाहिजे, माशी तिथंच असते. बाकी काही होत नाही, वहिनी, नुसतं तेल आहे. हातावर सांडलं तर पुसून टाका, एवढंच.

आपला
पंडित

•

सावंगी
१६ फेब्रुवारी १९७५

पंडित भाऊजींना जयभीम.

आज लय दिवसांनी सुखानं लिहायले. तेल मारलं. चांगुणाबाई आन तिची सून हाताखाली घेतली. पंप चालवायला मी स्वतः. तुमच्या दादानंतर पहिल्यांदा पाठीवर पंप घेतला, पट्टा खांद्यात रुतला तवा मला रडू आलं. चांगुणाबाई म्हणली, तेल डोळ्यात गेलं का? मी म्हणलं, हो, गेलं.

वास खरंच गवती चहाचा. पंधरा दिवसांत काजळी पापुद्र्यावानी सुटायली. वाऱ्यानं पान हललं की काळं टरफल खाली पडतंय आन हिरवं पान निघतंय. आत्याबाई काठी टेकीत बागेत गेल्या आन एकेका पानाला हात लावून बोटं बघायल्या. म्हणल्या, "माझ्या पोरानं झाडाचं तोंड धुतलं." हे त्यांचंच बोलणं हाय, मी माझं घातलं न्हाई.

गुरुवारी बन्सीधरजींना डालगं दिलं. त्यांनी खरंच पाटी लावली. विषमुक्त लिंबाचा रस, असं लिहिलंय. मी वाचली आन एसटीत बसल्यावर परत आठवून आठवून वाचली.

भाऊजी, तुमी शिकलाव त्याचं चीज झालं. तुमचे दादा असते तर त्यांनी साऱ्या गावाला सांगितलं असतं. ते न्हाईत म्हणून मी सांगायले.

तुमची वहिनी
धुरपता

•

ठाणे
१० मार्च १९७५

ती. वहिनींना सप्रेम जयभीम.

तुमच्या पत्रातलं बागेचं तेवढं उतरवून मी साहेबांना दाखवलं. ते इतके खूश झाले की त्यांनी ते पत्रकात छापलं. सोबत एक प्रत पाठवतोय. वर मोठ्या अक्षरात लिहिलंय, "माझ्या पोरानं झाडाचं तोंड धुतलं," आणि खाली तुमचं नाव, गाव, तालुका. दहा हजार प्रती निघाल्यात. तुमचं नाव आता साऱ्या महाराष्ट्रात जाणार. मलाही मराठवाड्याचा भाग मिळाला, आता मी परभणी, नांदेड, औरंगाबाद बघणार. म्हणजे घरी येणं होईल.

दुसरा डबा पाठवतोय. माशीची अंडी राहिलेली असतात, म्हणून एप्रिलच्या मध्यात दुसरा हात मारा. मधल्या काळात झाडांवर कसलं औषध मारलंय का, तेवढं कळवा. पत्रकात आम्ही लिहिलंय की फक्त आमच्या तेलानं बाग सुधारली, त्यामुळं दुसरं काही नको.

घाईत आहे. बरणी पुढच्या वेळी.

आपला
पंडित

•

सावंगी
२ एप्रिल १९७५

पंडित भाऊजींना जयभीम.

पत्रक पोचलं. माझं नाव छापलेलं बघून मला आधी भ्याच वाटलं. आत्याबाई म्हणल्या, बोलणं माझं आन नाव हिचं. त्यांना राग आलाय, पण पत्रक उशाला ठेवलंय.

एक सांगते, रागावू नका. छापायच्या आधी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

तुमी औषधाचं विचारलंत. औषधाचा एक थेंब मारलेला न्हाई, शपथ हाय. दुसरा डबा मिळाला. तुमी सांगितलं तसं एप्रिलच्या मध्यात मारते.

घरचं सांगायचं तर दोन शेळ्यांना खरूज झाली होती. आत्याबाईंनी गंधक आणायला लावलं, तेलात कालवून चोळलं, शेळ्या बऱ्या झाल्या. गंधक लय उरलं. उन्हाळा लागला की लिंबाच्या पानावर तांबडे कोळी पडत्यात, तुमाला आठवत असंल, तुमच्या आई फडक्यात गंधक बांधून झाडावर झटकायच्या. तसंच यंदा मी झटकलं. उरलेलं वाया कशाला घालवायचं. कोळी गेले.

जयंतीला येणार का? निळा झेंडा नवा शिवलाय. आत्याबाई वाट बघायल्यात.

तुमची वहिनी
धुरपता

•

सावंगी
२७ एप्रिल १९७५

भाऊजी,

कार्ड लिहायले, कारण पाकिटाला थांबायला येळ न्हाई. दुसरा हात मारून आठ दिवस झाले. पानं कडेनं भाजल्यावानी झालीत आन गळायलीत. फळावर तांबूस डाग पडलेत. बागेत चाललं की पाचोळा वाजतोय. लगेच या किंवा कळवा काय करायचं. सकाळच्या गारव्यातच मारलं, तुमी सांगितलं तसंच केलं. माझं काय चुकलं ते कळंना.

धुरपता

•

ठाणे
५ मे १९७५

ती. वहिनींना जयभीम.

कार्ड वाचून मी डोकं धरून बसलो. तुम्ही नक्की गंधक मारलं असणार. पानं अशी भाजतात ती दुसऱ्या कशानं नाही. वहिनी, खनिज तेल आणि गंधक एकत्र आलं की पान जळतं, महिनाभराचं अंतर ठेवावं लागतं, हे शेतकीच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असतं. मी तुम्हाला स्पष्ट विचारलं होतं, झाडांवर काही मारलंय का. तुम्ही शपथेवर नाही म्हणालात. आता माझ्या कंपनीचं नाव जायची वेळ आलीय, आणि पत्रकावर नाव तुमचं आहे, हे लक्षात घ्या.

झाडं मरणार नाहीत. पाणी द्या, पावसावर नवी पालवी येईल. केंद्रात काही बोलू नका. यंदा ऊन फार होतं, उन्हानं पानं गळली, असं सांगा. खोटं नाही ते, ऊन होतंच. गावात कुणी विचारलं तरी तेच सांगा. माझा भाग नवीन आहे आणि साहेबांनी माझ्यावर भरवसा टाकलाय. आपल्यातला एक माणूस तिथवर पोचला तर त्याला खाली ओढणारे खूप असतात. घरच्यांनी तरी ओढू नये.

आपला
पंडित

•

सावंगी
१९ मे १९७५

पंडित भाऊजींना,

खनिज म्हणजे काय हे मला समजलं न्हाई. शाळेतल्या आश्रुबा मास्तरांना विचारलं. ते म्हणले, जमिनीच्या पोटातून निघतं ते खनिज. मी म्हणलं, खनिज तेल म्हणजे? ते म्हणले, पेट्रोल, डिझेल, रॉकेल, त्याच जातीचं. मी म्हणलं, पाला न्हाई? मास्तर म्हणले, पाला कुठून येईल, बाई. मी घरी आले आन डब्यावरचं हिरवं पान बघत बसले.

मंग तुमचं पत्र परत वाचलं. भांडायच्या नादात तुमाला कळलं बी न्हाई की तुमी काय लिहून गेलाव. मी पुसलं होतं कोणत्या झाडाचं. तुमी म्हणलाव नावात पडू नका.

आन गंधकाचं. भाऊजी, मी तुमाला लिहिलं होतं. एप्रिलच्या पत्रात शेळ्यांच्या खाली लिहिलंय. औषध म्हणून लिहिलं न्हाई, कारण आमच्या घरात गंधकाला कुणी औषध म्हणत न्हाई. ते शेळीच्या खरजेचं, फडक्यात बांधायचं, हळदी-मिठावानी घरातलं. तुमी औषधाची ओळ वाचली आन पुढं बघितलंच न्हाई. तुमी माझी पत्रं छापता, वाचत न्हाई.

तुमाला ठाऊक होतं की गंधक चालत न्हाई, तर जानेवारीतच लिहायचं होतं. एक ओळ लागली असती. पण ती ओळ लिहिली असती तर मी पुसलं असतं, का चालत न्हाई? आन मंग तुमाला तेलाची जात सांगावी लागली असती. म्हणून तुमी गप बसलाव. हे मला समजायला बारा दिवस लागले, त्यात माझं बी डोकं कमीच म्हणायचं.

केंद्रात गेले होते. उन्हाचं सांगायला न्हाई. बन्सीधरजींना सांगितलं की तेल पाल्याचं नव्हतं, रॉकेलच्या जातीचं होतं, मला ठाऊक नव्हतं, आता झालंय म्हणून सांगायला आले. पहिल्या हातानंतरची लिंबं तुमच्या रोग्यांनी खाल्लीत, त्यात विष न्हाई असं माझा दीर म्हणतो, पण त्याच्यावर आता मी जामीन राहणार न्हाई.

त्यांनी पोऱ्याला पाटी काढायला सांगितली. मला म्हणले, "लोक मला सांगत होते, बन्सीधर, जपून. तुमच्यावर विश्वास ठेवला ही माझीच चूक." मी एकटीच उभी होते तिथं, आन ते 'तुमच्यावर' म्हणले. त्यात कोण कोण आलं ते मी पुसलं न्हाई. डालगं परत घेऊन निघाले. तहान लागली होती. आधी तिथं बसवून पाणी द्यायचे. त्या दिवशी कुणी दिलं न्हाई आन मी मागितलं न्हाई.

तुमी म्हणता घरच्यांनी खाली ओढू नये. मी तुमाला ओढलं न्हाई, भाऊजी. मी माझा शब्द परत करून आले.

धुरपता

•

ठाणे
२८ मे १९७५

ती. वहिनींना,

तुम्ही जे केलंत त्याला प्रामाणिकपणा म्हणत नाहीत, हट्ट म्हणतात. कुणी तुम्हाला विचारलं नव्हतं. पाटी राहिली असती, डालगं गेलं असतं, पावसावर झाडं फुटली असती आणि कुणाचंच काही बिघडलं नसतं.

आणि मी एवढा काय गुन्हा केला ते तरी सांगा. तेलात विष नाही हे खरं आहे. आजही सांगतो, उद्याही सांगेन. बाहेरच्या देशात जे लोक शेतात कसलंही रसायन घालत नाहीत तेही हे तेल वापरतात. मग ते जमिनीतून निघालं तर बिघडलं काय? कोट्यवधी वर्षांपूर्वी जे जीव, जी झाडं गाडली गेली त्यांचंच तेल झालं. म्हणजे मुळात ते पाल्याचंच. साहेबांनीही आम्हाला असंच शिकवलं. तुम्हाला पेट्रोल म्हणून सांगितलं असतं तर तुम्ही हात लावला नसता, आणि बागेत आज काजळीशिवाय काही उरलं नसतं. तुमच्या भल्यासाठीच सोपं करून सांगितलं.

दादा असता तर त्यानं मला समजून घेतलं असतं.

बन्सीधरांचं पत्र आमच्या कंपनीत आलंय. साहेबांनी मला बोलावून विचारलं, ही बाई तुझी कोण? मी म्हणालो, गावची आहे.

पंडित

•

ठाणे
१७ ऑगस्ट १९७५

ती. वहिनींना सप्रेम जयभीम.

तीन पत्रं झाली, उत्तर नाही. आईची तब्येत कशी आहे, एवढं तरी कळवा. रागात लिहिलं गेलं ते सोडून द्या. मराठवाड्याचा भाग माझ्याकडून काढून घेतला, परत खानदेशात टाकलंय. पत्रक मात्र चालूच आहे, छापून झालेल्या प्रती संपवायच्या म्हणतात. धम्मचक्रदिनाला घरी यायचं मनात आहे. येऊ का?

बरणी घेऊन येईन.

आपला
पंडित

•

सावंगी
२१ सप्टेंबर १९७५

पंडित भाऊजींना जयभीम.

तुमची आई बरी हाय. तुमच्या मेच्या पत्रातली शेवटची ओळ मी त्यांना वाचून दाखवली न्हाई. 'गावची हाय' हे मी माझ्यापुरतं ठेवलंय. त्यांना एवढंच सांगितलं की तेलानं पानं जळाली. त्या म्हणल्या, पोराला बोलू नको, तो लांब हाय. म्हणून मी चार महिने बोलले न्हाई.

बागेचं ऐका. पावसावर झाडं फुटली. पालवी अशी की हात फिरवत राहावंसं वाटतं. काजळीचा ठिपका न्हाई, माशी न्हाई. तुमचं तेल चांगलं होतं, भाऊजी. हे मी मनापासून लिहायले, पण छापू नका.

लिंबं जिंतूरच्या बाजारात नेते. तिथं कुणी काही पुसत न्हाई, ढिगात ढीग. केंद्राला आता माणिकरावांच्या मळ्यातून लिंबं जात्यात. त्यांच्या मळ्यात काय काय मारत्यात ते माझ्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक? पण त्यांचा शब्द कुणी मागितला न्हाई. मोठ्या घराला लागत नसंल.

परवा त्यांचा तोच सालगडी आला होता. हातात पत्रक, माझ्या नावाचं. म्हणला, मालकाला हे तेल पायजे, चांगलं हाय का? मनात आलं, सांगावं काहीबाही आन जळू द्यावा मळा. मंग त्यालाच पंप उचलायचाय हे आठवलं. मी सांगितलं, रॉकेलच्या जातीचं हाय, पाल्याचं न्हाई. गारव्यात मार. गंधक झटकलं असंल तर महिनाभर थांब. नाकातोंडाला फडकं बांध. तो हो म्हणला आन गेला. एवढं सांगायला मला कितीसा येळ लागला? पायरीवर उभ्या उभ्या सांगून झालं.

तुमी म्हणता, खरं सांगितलं असतं तर मी हात लावला नसता. तुमी मला पुसलं कधी? रॉकेलशी माझं वैर न्हाई. रॉकेलच्या चिमणीखाली तुमी मॅट्रिक झालाव, रॉकेल मिळंना तवा रेशनच्या रांगेत मी उभी राह्यले. तुमी लिहिलं असतं, वहिनी, हे असं असं हाय, विष न्हाई, गंधक चालत न्हाई, तर मी बन्सीधरजींना तसंच सांगितलं असतं. ते न्हाई म्हणले असते तर तेल मारलं असतं आन लिंबं बाजारात नेली असती, जशी आज न्यायले. पण मान खाली घालून न्यावी लागली नसती. कोट्यवधी वर्षांपूर्वीचं मला सांगू नका, गेल्या जानेवारीचं सांगा.

दादांनी समजून घेतलं असतं म्हणता. घेतलं बी असतं. ते सगळ्यांचं समजून घ्यायचे. म्हणूनच तर पंप पाठीवर घेतला.

येऊ का म्हणून पुसलंत. या की. घर तुमच्या आईचं हाय, बाग तुमच्या भावाची हाय, मी कोण अडवणार? त्या दिवशी खीर करते. बरणी आणा. आत्याबाई बागेत घेऊन जातील, पालवी दाखवतील, कौतुक करतील, तुमी बी करा.

फक्त एक पाळा. तुमचं जानेवारीचं पत्र अजून माझ्यापाशी हाय. त्यात तुमी लिहिलंय, काही होत नाही, वहिनी. ते वाक्य या घरात एकदा येऊन गेलंय. तवा ते माणिकरावांच्या माणसाच्या तोंडी होतं, आन आमाला फडकं बी मिळालं न्हाई. आता तुमी दारातून आत याल तवा दुसरं काही बी बोला, पण ते बोलू नका.

धुरपता